काचेचा धागा

(काच ही आपल्या रोजच्या ओळखीची वस्तू. तिच्यापासून केसाहूनही बारीक धागा कसा तयार करण्यात आला, त्याचा उपयोग कोणी व कशासाठी केला, आणि काचेचे जे दोष वाटत होते ते खरोखर कशामुळे होते, याची माहिती या पाठात दिली आहे.)

काचेचा पेला हातातून निसटला, की त्याचे तुकडे होतात. काच ठिसूळ आहे. ती वाकत नाही, वाकवली तर मोडते, असा आपला नेहमीचा अनुभव आहे. पण हीच काच खूप तापवली आणि मऊ झाल्यावर भरकन ओढली, तर तिचा लांब धागा होतो. हा धागा दोऱ्यासारखा वाकतो आणि रिळावर गुंडाळता येतो. शास्त्रज्ञांनी अशा धाग्याकडून दोन मोठी कामे करून घेतली आहेत. आरसा टांगून धरणे हे एक काम आणि प्रकाश वाहून नेणे हे दुसरे.

पहिल्या कामाची गोष्ट इंग्लंडमधली आहे. चार्ल्स व्हर्नन बॉइज (१८५५–१९४४) हे लंडनमधील एका विज्ञान महाविद्यालयात शिकवत होते. अतिशय सूक्ष्म बल मोजणारी उपकरणे तयार करणे, हा त्यांच्या आवडीचा विषय होता. अशा उपकरणात एका बारीक धाग्याला छोटासा आरसा टांगलेला असतो. आरशावर दिव्याचा किरण पडतो आणि परावर्तित होऊन दूरच्या मोजपट्टीवर जातो. आरसा किंचित जरी वळला, तरी मोजपट्टीवरचा प्रकाशाचा ठिपका बराच सरकतो. त्यामुळे डोळ्यांना न दिसणारी हालचालही मोजता येते.

पण धागा कशाचा घ्यायचा, हा प्रश्न होता. त्या काळी रेशमाचा धागा वापरत. रेशमाला पीळ दिला आणि सोडला, तर ते अगदी पहिल्या जागी परत येत नाही. शिवाय हवेतील ओलाव्यामुळेही ते बदलते. धातूची तार जाड असते, त्यामुळे ती सहज पिळली जात नाही. धागा निम्म्या जाडीचा केला, तर तो पिळायला सोळापट कमी बल पुरते. म्हणून धागा जितका बारीक, तितके उपकरण नाजूक आणि अचूक.

बॉइज यांनी १८८७ मध्ये यावर एक गमतीदार उपाय शोधला. त्यांनी एक छोटे आडवे धनुष्य घेतले. गवताच्या हलक्या काडीचा बाण केला आणि त्याच्या टोकाला सुई बसवली. बाणाच्या मागच्या बाजूला त्यांनी लाखेने एक बारीक कांडी चिकटवली. ही कांडी साध्या काचेची नव्हती. गारेचा जो स्वच्छ, पारदर्शक स्फटिक असतो, त्याला क्वार्ट्झ म्हणतात. ती कांडी त्या क्वार्ट्झची होती. क्वार्ट्झ साध्या आगीत वितळत नाही. त्यासाठी ऑक्सिजन आणि हायड्रोजन या वायूंची प्रखर ज्योत लागते. कांडीचा भाग त्या ज्योतीत मऊ होताच बॉइज बाण सोडत. बाण सुसाट जाई आणि त्याच्या मागे क्वार्ट्झचा धागा ओढला जाई. धागा इतका बारीक असे, की हवेत तो क्षणात थंड होऊन घट्ट होई.

अशा रीतीने त्यांना एक लांब धागा मिळाला. त्याची जाडी इंचाचा दहा हजारावा भाग एवढीच होती! आपला केस याच्या पंचवीसपट तरी जाड असतो. पिळून सोडल्यावर हा धागा बरोबर पहिल्या जागी परत येई. ओलाव्याचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नसे. आणि तो पोलादाच्या तारेइतका बळकट होता.

या धाग्याला टांगलेल्या उपकरणाने बॉइज यांनी एका मैलाहून अधिक अंतरावरील मेणबत्तीची उष्णता ओळखली. पुढे ऑक्सफर्ड येथील एका तळघरात त्यांनी याहून कठीण प्रयोग केला. सोन्याचे छोटे गोळे क्वार्ट्झच्या धाग्याने टांगले, त्यांच्याजवळ शिशाचे मोठे गोळे ठेवले, आणि त्यांच्यातील गुरुत्वाकर्षण मोजले. रस्त्यावरील गाड्यांच्या हादऱ्यानेही आरसा थरथरे, म्हणून ते रात्री रहदारी थांबल्यावर काम करत. १८९५ मध्ये त्यांनी या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. संपूर्ण पृथ्वी तेवढ्याच आकाराच्या पाण्याच्या गोळ्यापेक्षा सरासरी साडेपाचपट जड आहे, हे त्यावरून दिसले. गवताच्या काडीने ओढलेल्या धाग्याने पृथ्वीचे वजन सांगितले!

आता एक शंका येते. जाड काच ठिसूळ असते, मग बारीक धागा बळकट कसा? याचे उत्तर फार्नबरो येथील इंग्लिश संशोधक ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये दिले. त्यांनी वेगवेगळ्या जाडीचे काचेचे तंतू ताणून तोडले. एक मिलिमीटर जाडीच्या कांडीपेक्षा तीन मायक्रोमीटर जाडीचा तंतू, जाडीच्या प्रमाणात पाहता, सुमारे वीसपट बळकट निघाला. (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोमीटर.) ग्रिफिथ म्हणाले, की काचेत आणि विशेषतः तिच्या पृष्ठभागावर अगदी बारीक भेगा असतात. ताण पडला, की सारा जोर भेगेच्या टोकाशी एकवटतो आणि भेग पसरत जाते. ताज्या, बारीक तंतूवर अशा मोठ्या भेगांना जागाच नसते. म्हणजे काच मुळात दुबळी नाही. तिला दुबळे करते ती भेग. म्हणूनच आजही काचेचा तंतू तयार होताच त्यावर प्लॅस्टिकचा लेप देतात. त्यामुळे त्यावर ओरखडा उठत नाही.

आता दुसऱ्या कामाकडे वळू. प्रकाश सरळ रेषेत जातो, हे आपण विज्ञानात शिकलो आहोत. मग त्याला वळणावरून कसे नेता येईल? सुमारे १८४१ मध्ये जिनिव्हा येथील दानिएल कोलादों यांनी एक सुंदर प्रयोग दाखवला. पाण्याने भरलेल्या टाकीच्या छिद्रातून पाण्याची धार बाहेर पडत होती. टाकीच्या दुसऱ्या बाजूने त्यांनी त्या धारेत प्रकाश सोडला. धार वळून खाली पडत होती आणि प्रकाशही तिच्याबरोबर वळत जात होता. धारेच्या आतून प्रकाश कडेवर तिरपा आदळतो, तेव्हा तो बाहेर न जाता पुन्हा आत परततो. यालाच पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. पाण्याच्या धारेऐवजी काचेचा तंतू घेतला, तरी हेच घडते.

या गुणाचा उपयोग करणाऱ्यांत एक भारतीय तरुण होता. नरिंदर सिंग कपानी यांचा जन्म १९२६ मध्ये पंजाबातील मोगा येथे झाला. ते शिक्षणासाठी लंडनला गेले. तेथे त्यांनी प्राध्यापक हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर हजारो काचतंतूंची जुडी तयार केली. तिच्या एका टोकाशी धरलेले चित्र दुसऱ्या टोकाला दिसू लागले. हे संशोधन १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. जुडीतील प्रत्येक तंतू चित्राचा एक ठिपका वाहून नेत होता.

पण एक अडचण होती. तंतू एकमेकांना चिकटले, त्यांना बोट लागले किंवा त्यांवर धूळ बसली, की तेथून प्रकाश बाहेर गळून जाई. त्याच वर्षी हॉलंडमधील आब्राहम व्हान हील यांनी उपाय सुचवला. तंतूभोवती दुसऱ्या पदार्थाचे वेष्टन असावे, म्हणजे प्रकाश जेथून परततो तो पृष्ठभाग आत सुरक्षित राहील. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात लॉरेन्स कर्टिस या विद्यार्थ्याने १९५६ मध्ये हे साध्य केले. त्याने एका काचेची कांडी दुसऱ्या काचेच्या नळीत घातली आणि दोन्ही एकत्र तापवून ओढली. त्यामुळे काचेच्या तंतूला काचेचेच वेष्टन मिळाले.

त्या तंतूंपासून तेथील डॉक्टर बेसिल हर्शोविट्झ यांनी पोटाच्या आतील भाग पाहण्याची लवचिक नळी तयार करवून घेतली. त्यापूर्वीच्या नळ्या जवळजवळ ताठ असत आणि त्या गिळताना रोग्याचे फार हाल होत. १९५७ मध्ये डॉक्टरांनी ही नवी नळी प्रथम स्वतः गिळून पाहिली, आणि त्यानंतरच ती रोग्यांसाठी वापरली. आज दवाखान्यात ‘दुर्बीण घालून तपासणी’ करतात, ती याच नळीची पुढची पिढी होय. हल्ली तिच्या टोकाशी बहुधा छोटा कॅमेरा असतो.

पोटापर्यंत प्रकाश पोहोचला; पण एका गावाहून दुसऱ्या गावाला? ते अशक्य वाटत होते. त्या काळच्या चांगल्या काचतंतूतही वीस मीटर अंतरात प्रकाशाचा शंभरातला एकच भाग उरे. काचेतून लांबवर प्रकाश जाणारच नाही, असे अनेकांना वाटे. चार्ल्स काओ यांना मात्र तसे वाटले नाही. त्यांचा जन्म १९३३ मध्ये शांघायला झाला. इंग्लंडमधील हार्लो येथे काम करताना त्यांनी जॉर्ज हॉकहॅम यांच्यासह १९६६ मध्ये एक लेख लिहिला. प्रकाश मंद होतो तो काचेमुळे नव्हे, तर काचेत मिसळलेल्या लोखंडासारख्या अशुद्धींमुळे, असे त्यांनी दाखवले. काच पुरेशी शुद्ध केली, तर एक किलोमीटरनंतरही शंभरातला एक भाग प्रकाश उरेल आणि तेवढ्यावर संदेश पाठवता येतील, असा त्यांचा हिशेब होता.

१९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ यांनी तसा तंतू तयार केला. आजच्या तंतूत तर शंभर किलोमीटर गेल्यावरही शंभरातला एक भाग प्रकाश उरतो. वीस मीटर कोठे आणि शंभर किलोमीटर कोठे! काओ यांना २००९ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आजचा प्रकाशतंतू तयार करण्यासाठी उंच मनोरा लागतो. मनोऱ्याच्या माथ्याशी अतिशय शुद्ध काचेची जाड कांडी टांगतात. भट्टीत तिचे टोक सुमारे २००० अंश सेल्सिअसला मऊ होते आणि त्यातून तंतू खाली ओढला जातो. त्याची जाडी सतत मोजतात. ती १२५ मायक्रोमीटर ठेवतात. आतला जो गाभा प्रकाश नेतो, तो लांबच्या तारांमध्ये फक्त आठ-नऊ मायक्रोमीटरचा असतो. मग लेप देऊन तंतू मोठ्या रिळावर गुंडाळतात. आपल्या राज्यात छत्रपती संभाजीनगर येथेही असे तंतू तयार होतात. समुद्राच्या तळाशी टाकलेल्या अशाच तंतूंच्या तारा मुंबईच्या किनाऱ्याला येतात आणि दूरदेशीचे संदेश आणतात.

धागा याहूनही बारीक करता येईल का? २००३ मध्ये लिमिन टाँग, एरिक माझुर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात तेही करून दाखवले. आधी त्यांनी ज्योतीवर तापवून काचेचा बारीक तंतू ओढला. मग नीलमाच्या अणकुचीदार टोकाभोवती तो गुंडाळला, ते टोक तापवले आणि तंतू पुन्हा ओढला. काही तंतू पन्नास नॅनोमीटर इतके बारीक निघाले. (मायक्रोमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर.) लाल प्रकाशाच्या एका लहरीची लांबी सहाशे नॅनोमीटरहून जास्त असते. म्हणजे हा धागा प्रकाशाच्या लहरीपेक्षाही बारीक होता! असा धागा माणसाच्या केसाभोवती वळवता येतो.

एवढ्या बारीक धाग्यात प्रकाश पुरता मावत नाही. त्याचा बराच भाग धाग्याच्या बाहेरून, पृष्ठभागाला लागून जातो. जणू धागा ही वाट दाखवणारी दोरी आणि प्रकाश तिला धरून चालणारा प्रवासी. त्यामुळे धाग्याजवळ एखाद्या वायूचे किंवा द्रवाचे थोडेसे कण आले, तरी प्रकाशात फरक पडतो आणि त्या कणांचा पत्ता लागतो. १९५४ मध्ये जो प्रकाश बाहेर गळू नये म्हणून एवढी धडपड झाली, त्याच बाहेरच्या प्रकाशाचा येथे उपयोग झाला. २०१० मध्ये जर्मनीतील शास्त्रज्ञांनी पाचशे नॅनोमीटर जाडीच्या तंतूभोवती अशाच प्रकाशाने सीझियमचे अणू एका जागी धरून ठेवले. मात्र हा धागा फार जपावा लागतो. त्यावर धुळीचा एक कण बसला, तरी प्रकाश विखुरतो.

धाग्याचे पहिले काम, म्हणजे आरसा टांगणे, तेही थांबलेले नाही. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील ‘लायगो’ या प्रचंड उपकरणाने प्रथमच गुरुत्वीय लहरींची नोंद केली. त्यात चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असून त्यांत लेसरचा प्रकाश ये-जा करतो. हा प्रकाश परतवणारा प्रत्येक आरसा चाळीस किलोग्रॅम वजनाचा आहे. तो पोलादी तारेने टांगलेला नाही. सिलिकाचे चार धागे त्याला धरून आहेत. प्रत्येक धागा केवळ ०.४ मिलिमीटर जाडीचा आहे. सिलिका म्हणजे ज्या पदार्थाचा क्वार्ट्झ बनलेला असतो तोच पदार्थ. बॉइज यांना धाग्यात जे गुण दिसले, त्याच गुणांसाठी त्याची येथे निवड झाली. अशीच एक वेधशाळा, लायगो-इंडिया, आपल्या राज्यातील हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यात उभारायची आहे. तिला केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली.

काच मोडते, प्रकाश गळू देते, त्याला मंद करते, असे तीन दोष तिच्या माथी मारले गेले होते. शोध घेतल्यावर कळले, की पहिला दोष भेगेचा होता, दुसरा उघड्या पृष्ठभागाचा आणि तिसरा मळाचा. काच मात्र तीच होती. एखादी वस्तू निकामी ठरवण्याआधी तिचा दोष नेमका कोठे आहे, हे शोधणारी माणसे लाभली, म्हणून हा धागा आज एवढा भार पेलतो आहे.

शब्दार्थ

ठिसूळ – सहज मोडणारे
कांडी – छोटी गोल काठी, दांडी
पीळ देणे – पिरगळणे
लाख – तापवल्यावर मऊ होणारा, चिकटवण्याचा पदार्थ
भेग – चीर, तडा
ओरखडा – खरचटल्याची रेघ
वेष्टन – भोवतालचे आवरण
जुडी – एकत्र बांधलेला लहान गठ्ठा
अशुद्धी – मिसळलेला नको असलेला पदार्थ, मळ
गाभा – आतला मधला भाग
अणकुचीदार – टोकदार
माथी मारणे – एखाद्यावर लादणे

स्वाध्याय

प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) बॉइज यांनी बाण कशाचा केला होता?
(२) कपानी यांचा जन्म कोठे झाला?
(३) पोट पाहण्याची लवचिक नळी प्रथम कोणी गिळली?
(४) लायगोमधील प्रत्येक आरशाचे वजन किती आहे?

प्र. २. कारणे लिहा.
(१) उपकरणात रेशमाचा धागा योग्य ठरत नसे.
(२) बॉइज ऑक्सफर्डला रात्री प्रयोग करत.
(३) काचेच्या तंतूवर लगेच प्लॅस्टिकचा लेप देतात.

प्र. ३. जोड्या जुळवा.
‘अ’ गट : (१) ग्रिफिथ (२) व्हान हील (३) काओ (४) कोलादों
‘ब’ गट : (अ) पाण्याची धार (आ) शुद्ध काच (इ) बारीक भेगा (ई) तंतूचे वेष्टन

प्र. ४. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) बॉइज यांनी क्वार्ट्झचा धागा कसा तयार केला?
(२) लहरीपेक्षा बारीक धाग्यातून प्रकाश कसा जातो? त्याचा उपयोग काय?
(३) ‘काच मात्र तीच होती’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

प्र. ५. भाषाभ्यास
(अ) विरुद्धार्थी शब्द लिहा : बारीक, बळकट, शुद्ध, लवचिक, मंद.
(आ) वचन बदला : धागा, आरसा, कांडी, भेग, नळी.
(इ) बारीक, हवा, जागा, नजर, तयार हे शब्द मराठीत आहेत आणि उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा व त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम
प्लॅस्टिकच्या पारदर्शक बाटलीला तळाजवळ एक छोटे छिद्र पाडा. ते बोटाने बंद करून बाटलीत पाणी भरा. खोलीत अंधार करा. छिद्राच्या समोरच्या बाजूने बॅटरीचा उजेड बाटलीवर पाडा आणि बोट काढा. पडणाऱ्या धारेखाली तळहात धरा. काय दिसते ते पाच वाक्यांत लिहा. (छिद्र पाडताना मोठ्यांची मदत घ्या. काचतंतूचे तुटलेले तुकडे कोठे आढळल्यास त्यांना हात लावू नका. ते कातडीत रुततात.)